बॉस्फरसच्या तळाचा उलटा प्रवाह

इस्तंबूलच्या कोळ्यांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. शहराच्या मधून जाणाऱ्या बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत पाणी काळ्या समुद्राकडून दक्षिणेला, मार्माराच्या समुद्राकडे धावते. प्रवाह इतका जोराचा की होडी वल्हवत उत्तरेला न्यायची म्हणजे छातीचा भाता होतो. पण जाळे खोल सोडले की त्याचा खालचा भाग उलट, उत्तरेलाच ताणला जातो. सहाव्या शतकातल्या प्रोकोपियस या इतिहासकाराने हे लिहूनही ठेवले आहे. त्यानंतर सुमारे अकराशे वर्षांनी २१ वर्षांचा एक इटालियन तरुण तिथे आला आणि ही कोळ्यांची गोष्ट मोजून पाहता येईल, असे त्याच्या मनाने घेतले.

लुईजी फेर्दिनांदो मार्सिली हे त्याचे नाव. समुद्रविज्ञानाच्या इतिहासात ते पहिल्या काही पानांवर येते. जन्म १६५८चा, बोलोन्यातल्या सरदार घराण्यातला. विद्यापीठाची रीतसर पदवी त्याने घेतली नाही. ज्याच्याकडे शिकण्यासारखे आहे त्याच्या घरी जाऊन तो शिकला. त्यातले एक गुरू आम्हा डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचे. मार्चेल्लो माल्पिघी. मूत्रपिंडातल्या गाळणीच्या सूक्ष्म गोळ्यांना आजही त्यांचेच नाव आहे. रक्त धमन्यांतून जाते आणि शिरांतून परत येते, हे हार्वीने दाखवले होते. पण धमनीतून शिरेत ते पोचते कसे, हे कोणी पाहिले नव्हते. माल्पिघींनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात त्या केशवाहिन्या पाहिल्या. अशा गुरूच्या हाताखालून आलेल्या मुलाला, पाणी एका बाजूने जाताना दिसते तर दुसऱ्या बाजूने येतही असेल, हे पटायला जड गेले नसावे. हा माझा तर्क आहे, पण तो मला आवडतो.

१६७९ मध्ये व्हेनिसचा नवा राजदूत कॉन्स्टँटिनोपलला निघाला, त्याच्या लवाजम्यात मार्सिली सामील झाला. तिथे त्याची गाठ इंग्लंडचे राजदूत सर जॉन फिंच यांच्याशी पडली. हेही मुळात डॉक्टर. पदुआला वैद्यक शिकलेले आणि पिसाला शरीररचना शिकवलेले. तळाच्या प्रवाहाची गोष्ट फिंच यांच्याही कानावर आली होती. तुर्की कोळी तर सांगतच होते. मार्सिलीने वजन बांधलेला एक लांब दोर घेतला, त्याला ठरावीक अंतरावर पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधले आणि होडीतून पाण्यात सोडला. वरची बुचे दक्षिणेकडे वाहू लागली. दोर आणखी खाली गेला तसे खालचे पांढरे ठिपके उत्तरेकडे झुकलेले दिसले. वरच्या पाण्याचा वेग मोजायला त्याने पाण्यात फिरणारे एक पात्यांचे चाकही वापरले.

इथवर येऊन थांबला असता तरी एक चांगले निरीक्षण म्हणून त्याची नोंद राहिली असती. पण हे होते का, हा प्रश्न त्याला सोडेना. त्याने वेगवेगळ्या ठिकाणचे आणि वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी बाटल्यांत भरून घेतले आणि पाण्यात तरंगणाऱ्या काचेच्या उपकरणाने त्याचा जडपणा तपासला. जुन्या डॉक्टरांना हे उपकरण नवे वाटणार नाही. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लघवी तपासायला असेच काचेचे तरंगते उपकरण होते. लघवी जितकी दाट, तितके ते वर तरंगते. आता रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या आणि ते कपाटात गेले. (गंमत म्हणून सांगतो, समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२५ असते. कडक उन्हात दिवसभर पाणी न प्यालेल्या माणसाच्या लघवीचे जवळपास तेवढेच.) मार्सिलीला आढळले की काळ्या समुद्राकडून येणारे वरचे पाणी हलके आहे आणि बॉस्फरसच्या तळाचे पाणी जड, म्हणजे अधिक खारट.

मग त्याने प्रयोग केला. एक पेटी घेतली, मधे फळी घालून तिचे दोन भाग केले. फळीला एक भोक वर, एक तळाशी. एका बाजूला जड खारे पाणी, दुसऱ्या बाजूला हलके, आणि ओळखू यावे म्हणून एकाला रंग. दोन्ही भोके उघडताच जड पाणी तळाच्या भोकातून हलक्या बाजूला शिरले आणि हलके पाणी वरच्या भोकातून जड बाजूला आले. वारा नाही, उतार नाही, ढवळणे नाही. केवळ मिठातल्या फरकाने एकाच वेळी विरुद्ध दिशांचे दोन प्रवाह तयार झाले. कारण सरळ आहे. पाण्याचा स्तंभ जड असेल तर तळाशी दाब जास्त, म्हणून तळाशी जड पाणी हलक्याकडे घुसते. ते घुसले की हलक्या बाजूची पातळी वर येते, आणि वरून ती बाजू सांडू लागते. प्रत्यक्षातही काळ्या समुद्राची पातळी मार्मारापेक्षा सरासरी ३० सेंटिमीटरच्या आसपास उंच असते. १६८१ मध्ये त्याने हे सगळे स्वीडनची माजी राणी क्रिस्टिना हिला लिहिलेल्या पत्राच्या रूपात रोममध्ये छापले. तेव्हा त्याचे वय २३ होते.

आता या प्रयोगाचा हिशेब आजच्या आकड्यांनी करून पाहू. काळ्या समुद्राला डॅन्यूब, नीपर, नीस्टर अशा मोठ्या नद्या मिळतात. एकटी डॅन्यूब वर्षाला सुमारे २०० घन किलोमीटर पाणी ओतते. त्यामुळे या समुद्राच्या वरच्या पाण्यात किलोला १८ ग्रॅमच्या जवळपास मीठ आहे. भूमध्य समुद्रात ते ३८ ग्रॅमच्या घरात जाते. बॉस्फरसमधून वर्षाला साधारण ६०० घन किलोमीटर हलके पाणी वरून बाहेर पडते आणि ३०० घन किलोमीटर जड पाणी तळातून आत येते. बाहेर जाणारे पाणी दुप्पट पण निम्मे खारट, आत येणारे निम्मे पण दुप्पट खारट. मिठाचा जमाखर्च जुळला. वॉर्डात आपण रुग्णाच्या पोटात गेलेले आणि बाहेर पडलेले पाणी लिहून ठेवतो, तसाच हा समुद्राचा तक्ता. केवळ बाहेर जाणाराच प्रवाह असता तर नद्यांनी हा समुद्र कधीच गोडा करून टाकला असता. उलट जिब्राल्टरला पाहा. भूमध्य समुद्रातून बाष्पीभवन जास्त आणि नद्यांचे पाणी कमी, म्हणून तिथे अटलांटिकचे पाणी वरून आत येते आणि भूमध्याचे अधिक खारे पाणी तळातून बाहेर जाते. पेटी तीच, फक्त उलटी ठेवलेली.

नदी जिथे समुद्राला मिळते त्या प्रत्येक खाडीत ही पेटी लहान प्रमाणात चालू असते. गोडे पाणी वरून समुद्राकडे सरकते. सरकताना खालच्या खाऱ्या पाण्याचा थोडा थोडा अंश खरवडून सोबत नेते. तेवढी तूट भरायला समुद्राचे पाणी तळाने आत येते, नदीच्या वाहण्याच्या विरुद्ध. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी वरून बाहेर पडणारे पाणी नदीने आणलेल्या पाण्याच्या कितीतरी पट असू शकते. भरती-ओहोटी हे सगळे ढवळत राहते. भरती जोराची आणि नदी क्षीण असेल तर वरचे-खालचे थर मोडून तळापासून पृष्ठभागापर्यंत एकसारखे मचूळ पाणी होते. गोव्याच्या मांडवीत ही दोन्ही रूपे एकाच वर्षात पाहायला मिळतात. पावसाळ्यात वर गोडे, तळाशी खारे असे स्पष्ट थर. उन्हाळ्यात भरतीने घुसळलेले एकजीव पाणी. अमेरिकेतल्या जेम्स नदीच्या मुखात डोनाल्ड प्रिचर्ड यांनी १९५०च्या सुमारास या दुपदरी प्रवाहाची काटेकोर मोजमापे केली आणि त्याचे गणित बसवले. पण गाभ्याचे कारण मार्सिलीच्या पेटीतलेच.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे कोणी विचारील. माझ्या नोकरीची काही वर्षे कोकणात खाडीकाठच्या तालुक्यात गेली. एप्रिल-मे महिन्यांत नदीला पाणी नसते, खारे पाणी खाडीतून वर वर चढते आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. रक्तदाबाच्या रुग्णाला आम्ही सांगतो, लोणचे-पापड बंद, वरून मीठ नको. त्याच्या तांब्यातल्या पाण्याबद्दल कोणी विचारत नाही. हिशेब करा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीत वीस भागांत एक भाग जरी समुद्र मिसळला तरी लिटरमागे पावणेदोन ग्रॅम. उन्हाळ्यात तीन लिटर प्यालात तर पाच ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मिठाची मर्यादाच पाच ग्रॅम, म्हणजे जेवणाला बसण्याआधीच ती संपली. बांगलादेशात खुलना जिल्ह्यातल्या दाकोप या खाड्यांनी वेढलेल्या भागात गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा कोरड्या महिन्यांत त्यांच्यातील वाढलेल्या रक्तदाबाचे प्रमाण पावसाळ्यापेक्षा जास्त आढळले. कॉलऱ्याचे जंतूही मचूळ पाण्यातले मूळचे रहिवासी आहेत. माणसाची विष्ठा नसतानाही ते तिथल्या सूक्ष्म प्राण्यांच्या अंगावर टिकून राहतात, हे १९७०च्या दशकात लक्षात आले. आणि नदीत सोडलेली घाण समुद्राने पोटात घेतली, असे आपण म्हणतो तेव्हा जे जड असते, जे खाली बसते, ते तळाच्या प्रवाहाबरोबर पुन्हा आत येत असते.

मार्सिलीने मात्र पुढची वीस-बावीस वर्षे समुद्राकडे पाहिलेही नाही, किंवा पाहायला त्याला सवड मिळाली नाही असे म्हणू. १६८२ मध्ये तो सम्राट लिओपोल्डच्या सैन्यात शिरला. पुढच्याच उन्हाळ्यात तुर्की फौजा व्हिएन्नावर चालून आल्या आणि तार्तर स्वारांनी त्याला पकडून विकले. व्हिएन्नाचा वेढा त्याने बाहेरून पाहिला, तुर्की छावणीतल्या गुलामाच्या जागेवरून. काम होते कॉफीच्या तंबूत कॉफी करण्याचे. पुढे दोन बोस्नियन माणसांनी त्याला विकत घेतले. १६८४ मध्ये खंडणी भरून त्याची सुटका झाली. सुटून आल्यावर वर्षभरात त्याने काय छापले असेल? कॉफीवरची पुस्तिका. ती कशी करायची, तिचे गुण काय. या माणसाला जे समोर येईल ते टिपून ठेवण्याची खोडच होती. १६८६ मध्ये बुडा शहर पडले तेव्हा सैन्य लूट करत होते आणि हा ढिगाऱ्यांतून हस्तलिखिते गोळा करत फिरत होता.

सैन्यात त्याचे काम किल्ले, रस्ते, पूल यांचे. डॅन्यूबच्या काठाने तो वर्षानुवर्षे हिंडला. नदीची खोली, वेग, मासे, पक्षी, खनिजे, काठावरचे रोमन अवशेष, सगळ्याच्या नोंदी वाढत गेल्या. १६९९ मध्ये तुर्कांशी तह झाला आणि नवी सरहद्द आखण्याचे काम सम्राटाने त्याच्याकडे दिले. दोन वर्षे तो तुर्की अधिकाऱ्यांबरोबर डोंगर-नद्या पायाखाली घालत नकाशे करत होता.

मग सगळे एका झटक्यात गेले. १७०३ मध्ये ऱ्हाइनकाठचा ब्रायझाखचा किल्ला फ्रेंचांच्या हाती पडला. किल्ल्याचा प्रमुख काउंट आर्को, मार्सिली त्याच्या खालचा. वेढा फार दिवस टिकला नव्हता. लष्करी न्यायालयाने आर्कोचा शिरच्छेद केला आणि मार्सिलीचे पद व मानमरातब काढून घेऊन त्याची तलवार सर्वांसमोर मोडली. दोष कोणाचा, तुटपुंज्या शिबंदीचा की अधिकाऱ्यांचा, यावर युरोपात पुढे बरेच दिवस वाद चालला. मार्सिलीने स्वतःची बाजू मांडणारे पत्रक छापले, पण गेलेले पद परत मिळाले नाही.

४५ वर्षांचा, बेइज्जत झालेला हा माणूस मग दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेजवळ कासी या कोळ्यांच्या गावी जाऊन राहिला. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. तो रोज होडी घेऊन निघे. समुद्राची खोली मोजी, वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान घेई, पाणी उकळून त्यातले क्षार तोली. किनाऱ्यापासून तळ उथळ उथळ जात राहतो आणि मग एका कडेवरून एकदम खोल उतरतो, हे त्याने तिथे नोंदवले. आज आपण तिला खंडमंचाची कड म्हणतो. इथेच त्याची एक प्रसिद्ध चूकही झाली. ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले तर त्यावर पांढऱ्या पाकळ्या उमलतात. ही फुले आहेत, म्हणजे पोवळे ही वनस्पती, असे त्याने जाहीर केले. तो युरोपभर गाजला. पाकळ्या दिसणारे ते प्रत्यक्षात प्राणी आहेत, हे पुढे मार्सेच्याच पेसोनेल नावाच्या एका डॉक्टरने दाखवले, आणि त्या बिचाऱ्याचे म्हणणे विद्वानांनी बरीच वर्षे हसण्यावारी नेले.

पुढे त्याने आपली उपकरणे, ग्रंथ, खनिजे असा सगळा संग्रह बोलोन्या शहराला देऊन टाकला आणि त्यातून १७१४ मध्ये तिथे विज्ञानसंस्था उभी राहिली. ती ज्या वाड्यात होती तिथे आज संग्रहालय आहे. अठराव्या शतकात शरीररचना शिकवण्यासाठी घडवलेल्या मेणाच्या प्रतिकृतीही तिथेच आहेत. १७२२ मध्ये तो लंडनला गेला. रॉयल सोसायटीने त्याला तीस वर्षांपूर्वीच सदस्य करून घेतले होते. आता न्यूटनशी प्रत्यक्ष भेट झाली. हॉलंडमध्ये त्याला भेटले ते हर्मान बूरहाव्ह, त्या काळचे युरोपातले सर्वांत नावाजलेले वैद्यकाचे प्राध्यापक. १७२५ मध्ये अॅमस्टरडॅमला मार्सिलीचा समुद्राच्या भौतिक इतिहासाचा ग्रंथ निघाला, त्याला प्रस्तावना बूरहाव्ह यांची. पूर्णपणे समुद्राला वाहिलेला असा वैज्ञानिक ग्रंथ त्याआधी झाला नव्हता. पुढच्याच वर्षी डॅन्यूबवरचे सहा खंड आले. एका तरुणाने बॉस्फरसमध्ये ज्या हलक्या पाण्यावर होडी लोटली होती, त्यातला मोठा वाटा या नदीचा होता. १७३० मध्ये बोलोन्यात त्याचे निधन झाले.

पुस्तके मान्यता पावली तरी बॉस्फरसचा उलटा प्रवाह सगळ्यांनी मान्य केला होता असे नाही. दीडशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये त्यावर कडाक्याचा वाद चालू होता. तळाचा प्रवाह असतो, असे हिरिरीने मांडणारे विल्यम कार्पेंटर हे पुन्हा एक डॉक्टर, शरीरक्रियाशास्त्राचे लेखक. आणि काही अनुभवी नौदल अधिकारी म्हणत, असे काही नाही. १८७२ मध्ये ब्रिटिश नौदलाचे व्हार्टन यांनी एक लाकडी अडसर वजन बांधून सामुद्रधुनीत खोल सोडला. वर तरंगणारा त्याचा पिंप, समोरून धावत येणाऱ्या पाण्याला कापत, उलट दिशेला ओढला जाऊ लागला. पाहणाऱ्यांना आणखी पुरावा नको होता. १८८१-८२ मध्ये रशियन नौदलाच्या मकारोव्ह यांनी तिथे नांगरलेल्या जहाजावरून दोन्ही प्रवाहांचे वेग, क्षारता आणि मधली सीमारेषा तपशिलाने मोजली.

एवढ्या जुन्या शोधाचा आजचा उपयोग पाहायचा तर पुन्हा इस्तंबूललाच जावे लागेल. दीड कोटींहून मोठ्या या शहराच्या सांडपाण्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे जुजबी प्राथमिक प्रक्रिया करून, लांब नळांनी मुद्दाम बॉस्फरसच्या तळाच्या प्रवाहात सोडला गेला. तो प्रवाह उत्तरेला जातो, म्हणजे घाण काळ्या समुद्राकडे जाईल आणि शहराच्या किनाऱ्याला लागणार नाही, हा हिशेब. हिशेब बव्हंशी बरोबरही आहे. पण निसर्गातल्या पेटीला फळी नसते. सामुद्रधुनीच्या अरुंद भागांत दोन थर एकमेकांना घासतात, खालच्याचा काही अंश वर चढतो आणि वरच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेला, मार्माराच्या समुद्रात परत येतो. त्या समुद्राच्या काठी इतरही शहरे आणि कारखाने आहेत, तेही आपला वाटा घालतात. २०२१ च्या वसंतात मार्माराच्या पृष्ठभागावर मैलोन्‌मैल चिकट पांढरट शेवाळी साय पसरली. कोळ्यांची जाळी तिने भरून जड झाली, होड्यांची यंत्रे अडकली, आणि कित्येक आठवडे त्या किनाऱ्यावर मासेमारी जवळपास बंद पडली.